कानाची खुर्ची

"डोळे मिट, रत्ना. बघायला सगळं गाव आलंय. तू ऐक."

बाबा हे म्हणायचे तेव्हा त्यांचा हात तिच्या पाठीवर असायचा आणि हाताला चुन्याचा वास यायचा, कारण मैदानाच्या रेघा ते दुसऱ्या कुणाला आखू देत नसत. त्याला आता पन्नास वर्षं होत आली. आज पहाटे देवासमोर बसलेल्या रत्नप्रभाच्या बोटाला माळेचा मेरुमणी लागला, त्याच क्षणी तो आवाज अगदी कानाशी आला, आणि मग तिच्या लक्षात आलं की माळ संपलीसुद्धा. कधी संपली? बोटं मणी ओढत होती, ओठ हलत होते, निरांजनाची वात नीट जळत होती, सगळं जिथल्या तिथे होतं. फक्त एकही नाम तिला ऐकू आलं नव्हतं. तिनं माळ उलट फिरवली आणि पुन्हा सुरुवात केली. दोन-चार नामं बरी पडली. मग मधूनच शिट्टी वाजली, शिट्टीमागून डीजेचा तो छातीत बसणारा ठोका, आणि पंच धम्मरत्न वाकून तिला विचारत होता, "ताई, दम होता का?" तिनं माळ गोमुखीत ठेवून दिली. इतक्या वर्षांत अर्धी माळ टाकून ती कधी उठली नव्हती. उठली, स्वयंपाकघरात गेली, ओट्यापाशी उभी राहिली, कशाला आले ते आठवेना म्हणून परत देवघराच्या दाराशी आली. आतल्या खोलीत वैष्णवी भिंतीकडे तोंड करून पडली होती. झोपली होती की नव्हती, कोण जाणे. काल ती जेवलीही नव्हती.

वैष्णवी तिची कुणी नात्याची नव्हे. मुकुटबनच्या भगवानरावांची मुलगी, कॉलेजसाठी दिग्रसला आली, आणि एका ओळखीच्या बाईनं विचारलं, मुलीला तुमच्याकडे ठेवता का, तुम्हीही एकट्याच असता. रत्नप्रभा हो म्हणाली होती ते एका शब्दामुळे. मुलगी काय करते, असं तिनं विचारलं तेव्हा तिची आई कोकिळा पदरानं तोंड पुसत म्हणाली होती, "कबड्डी खेळते, बाई. बाकी अभ्यासात आपलं असंच." कबड्डी. त्याला दोन पावसाळे झाले. मुलगी पहाटे धावायला जायची, ही देवाशी बसायची. परत येऊन ती अंगणात दोरीवरच्या उड्या मारायची आणि ही तुळशीला पाणी घालायची. दोघींचे नेम एकमेकींना अडले नाहीत. संध्याकाळी दिवा लावल्यावर माळ पुरी होईतो रत्नप्रभा बोलत नसे, हे मुलीला पहिल्या आठवड्यातच समजलं होतं, आणि त्या वेळात तीही घरात पाय न वाजवता फिरायची. काल त्या वेळेला दोघीही घरी नव्हत्या. जिनाच्या मैदानावर होत्या.

कापसाचं जिन केव्हाचं बंद पडलं. गंजलेली पत्र्याची शेड आणि धुराडं उरलंय, पण मैदानाला नाव तेच. तिथे मुलींचे सामने लागले होते आणि खच्चून गर्दी होती. गर्दी पाहून तिला आधी बरं वाटलं. मग तिला दिसलं की पुढच्या रांगेतली मुलं मॅटकडे पाठ करून उभी आहेत. हात लांब करून स्वतःच्या फोनमध्ये हसत होती, आणि त्यांच्या खांद्यामागे, फोनमध्ये, खेळ चालला होता. एक बाई नातीला नाचायला लावत होती आणि नात कॅमेऱ्याकडे बघून नाचत होती. खांबाशी टेकलेले चार-पाच जण एकाच फोनवर झुकले होते. ते दुसऱ्याच कुठल्यातरी देशातली क्रिकेटची मॅच बघत होते आणि तिथे विकेट पडली की इथे ओरडत होते. तो ओरडा ऐकून मॅटवरची एक पोरगी दचकून थांबली, आपलं काही चुकलं की काय म्हणून पंचाकडे बघू लागली. उरलेले बरेचसे लोक वरच्या मोठ्या पडद्याकडे बघत होते, त्यात तेच मैदान जरा उशिरा दिसत होतं. मुलगी मॅटवर पडायची, उठायची, आणि मग पडद्यावर पडायची, आणि तेव्हा लोक हाय हाय करायचे. आणि या सगळ्याच्या वर पिंटूचा डीजे. पिंटू रत्नप्रभाच्याच गल्लीतला, लग्नाकार्याला डीजे लावणारा. रेड करणारी मुलगी मधली रेघ ओलांडून पलीकडे गेली की तो बोटानं एक खटका वर सारायचा आणि सगळं मैदान हादरायचं. रेड म्हणजे काय, तर एकट्यानं समोरच्या सातांत शिरायचं, कुणाला तरी शिवायचं, आणि एका दमात, तोंडानं सारखं कबड्डी कबड्डी म्हणत, आपल्या अंगणात परत यायचं. दम मध्ये तुटला की बाद. बाबांच्या वेळी रेड सुरू झाली की सगळं मैदान गप्प व्हायचं. आता सगळ्यात जास्त आवाज तेव्हाच.

आणि तरीही कोर्टाच्या टोकाच्या रेघेमागे ती खुर्ची होती. लाल प्लॅस्टिकची, तिच्यावर धुतलेला नॅपकिन. या मैदानाची ती जुनी रीत, दुसरीकडे कुठे नाही. टोकाच्या रेघेमागे एक माणूस बसायचा, दोन्ही संघांपैकी कुणाचाही नसलेला. त्याला 'कान' म्हणायचे. त्यानं खेळ बघायचा नाही, दम ऐकायचा. पंचाला शंका आली की तो फक्त कानाकडे बघे, आणि कान मान हलवी. उभी किंवा आडवी. त्यावर कुणी बोलायचं नाही. बाबा, म्हणजे वामन मास्तर, मुख्य पंच असायचे, आणि एका वर्षी कानाला बसणारे म्हातारे गृहस्थ तापानं पडले तेव्हा बाबांनी रॉकेलचा रिकामा डबा उपडा घालून त्यावर आपल्या दहा वर्षांच्या मुलीला बसवलं. लोक हसले. बाबा म्हणाले, "लहान मुलाचे कान स्वच्छ असतात." त्यानंतर पाच-सहा हिवाळे ती त्या डब्यावर बसली. आज ही रीत कुणाला ठाऊक नाही. धम्मरत्न तेवढा एक उरलाय. बाबांच्या हाताखाली शिट्टी धरायला शिकला, आता स्वतःच पिकल्या केसांचा मुख्य पंच आहे. त्यानं रीत सोडली नाही, फक्त खुर्ची ठेवतो, मान म्हणून, आणि तिच्यावर गावातल्या कुणाला तरी बसवून हार घालतो. यंदा तो घरी आला. "ताई, तुमच्या जुन्या जागेवर तुम्हीच बसा," म्हणाला. "माझ्याकडे वैष्णवी राहते, धम्मरत्न. ते रीतीत बसेल का?" "तुम्ही खोटं बोलणार आहात का?" त्यानं विचारलं. "मग बसते."

ती बसली होती. संध्याकाळचा दिवा लवकर लावून, माळ पर्समध्ये घेऊन, थंडीची शाल पांघरून बसली होती. आणि हातात फोन होता. तो तिथे कसा आला याचाच विचार ती आता देवघराच्या उंबऱ्यावर बसून करत होती. कोकिळेचा फोन आला होता दुपारी. मुकुटबनकडे कापसाची वेचणी ऐन भरात, ती येऊ शकत नव्हती. "बाई, थोडंसं त्या फोनात काढून पाठवजा नं जी. माही पोरगी खेळताना कशी दिसते, म्या अजून पाह्यलंच नाही." आईचं मागणं. यात वाईट काय होतं? कोणत्या देवानं नको म्हटलं असतं? म्हणून वैष्णवीची शेवटची रेड लागली तेव्हा तिनं फोन दोन्ही हातांनी धरून डोळ्यांसमोर उभा केला. चौकट नीट बसत नव्हती. वैष्णवी डावीकडे सरकली की ती चौकटीबाहेर जायची, मग ही फोन डावीकडे न्यायची, तोवर ती उजवीकडे. पुढे कुणाचा तरी हात आला. अंगठा कुठेतरी लागला आणि चित्र मोठं झालं, मुलीच्या नुसत्या चपट्या वेणीएवढं. ते लहान कसं करायचं ते तिला सुचेना. ते लहान झालं तेव्हा वैष्णवी खाली होती, दोघींनी तिची कंबर धरली होती, आणि तिचा उजवा हात मधल्या रेघेकडे सरकत होता, बोटं, बोटांची टोकं, रेघ. शिट्टी. पिंटूचा ठोका बंद. बाजूचा पंच हात हलवत ओरडत होता, "दम तुटला! रेघेआधी तुटला! रेडर बाद!"

वैष्णवीच्या संघातल्या मुली धावून आल्या, समोरच्या मुली धावून आल्या. वैष्णवी गुडघ्यांवर बसून एकच म्हणत होती, "नाही तुटला जी, नाही तुटला." लोकांनी फोन उंच केले, भांडण होतंय म्हटल्यावर पाठमोरी पोरंही वळली. धम्मरत्ननं सगळ्यांना बाजूला सारलं आणि तो टोकाच्या रेघेकडे चालत आला. नियमात हे नव्हतं, पुस्तकात कुठेच नव्हतं. पण तो बाबांसारखा चालत आला, हात मागे बांधून, आणि वाकला. "ताई, तुम्ही सगळ्यात जवळ होत्या. दम होता का?"

फोन अजून तिच्या हातात उभा होता. त्यात धम्मरत्नचं तोंड दिसत होतं, फार मोठं.

ती काहीही म्हणू शकली असती. मान उभी हलवली असती तर मुलीचे गुण गेले नसते, सामना गेला नसता. आणि कोणी सांगावं, ते खरंही असतं. आडवी हलवली असती तर तेही कदाचित खरंच. तिनं आपल्या कानांत शोधलं. मघाचं काहीतरी कुठेतरी राहिलं असेल म्हणून अक्षरशः शोधलं, जसं पाण्याच्या टाकीत पडलेली किल्ली हातानं चाचपडावी. तिथे काहीच नव्हतं. चौकट होती. वेणी होती. "मी ऐकलं नाही, धम्मरत्न," ती म्हणाली. "माझं लक्ष नव्हतं." त्यानं मान डोलावली. त्यात राग नव्हता, आणि म्हणूनच तिला वर बघवेना. "ठीक आहे, ताई," तो म्हणाला, मागे वळला आणि हात वर केला. रेडर बाद. वैष्णवी मॅटवरून तिच्याकडे बघत होती. रडत नव्हती. नुसती बघत होती.

गावात पूर्वी सगळे साधू राहत होते असं मुळीच नव्हतं. उंबऱ्यावर बसून रत्नप्रभानं स्वतःला हे बजावलं. त्या मैदानावर लोक दारू पिऊन यायचे, घाण शिव्या द्यायचे, आणि एकदा बाबांच्या सायकलची दोन्ही चाकं कुणी ब्लेडनं फाडली होती. ते तिच्यामुळे. घरच्या संघाचा, दिग्रसचा, सगळ्यांचा लाडका खेळाडू रेडवर होता, आणि डबा गार पडला होता, आणि तिचे डोळे मिटलेले होते, आणि सगळ्या मैदानाचा श्वास अडकलेला तिला कळत होता. दम ऐकता ऐकता तिचाही दम कोंडायचा. रेडर परत येईपर्यंत ती श्वास घ्यायची नाही, कुणी शिकवलं नव्हतं, आपोआप. त्या दिवशी कबड्डी कबड्डीच्या माळेत एक जागा रिकामी आली. अगदी एवढीशी. सुईला दोरा ओवताना जेवढं थांबतो तेवढीच. मग पुन्हा कबड्डी सुरू झाली, जणू काही झालंच नाही. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं डोळे उघडले, मान आडवी हलवली. घरचा संघ हरला. कुणीतरी खडा मारला, तो बाबांच्या भुवईवर लागला. पंक्चर सायकल हातानं ढकलत घरी जाताना रक्त पुसून बाबा म्हणाले, "तू बरोबर ऐकलंस. मलाही तिथेच शंका होती." एवढंच. मोठी झाल्यावर, लग्न होऊन, भूमापनाच्या कचेरीत पानांवर पानं उतरवताना, नवऱ्याच्या आजारपणात, पुढे मुलगा पुण्याला गेल्यावरच्या एकटेपणात, तिला कुणी कशाबद्दल शाबासकी दिली असेल तर ती तिच्या लक्षात नाही. ही आहे. आणि ते खडा लागलेलं कपाळ आहे, पांढरं पडलेलं, यवतमाळच्या दवाखान्यातल्या उशीवरचं. भाऊ बाहेर डॉक्टरांशी बोलत होता. ती बाबांच्या डोक्याशी बसून डोळे मिटून ऐकत होती. आत, बाहेर. आत, बाहेर. एके ठिकाणी तसंच झालं. एवढीशी रिकामी जागा. पण पुढे काही सुरू झालं नाही. नर्स आली, तिनं नाडी पाहिली, बोलवा म्हणाली डॉक्टरांना. रत्नप्रभाला ते आधीच कळलं होतं.

तेच कान. आणि काल तिनं ते कुठे ठेवले होते? कालच्यापुरतं तरी कसं म्हणायचं. आज सकाळची माळ कोणी ऐकली? परवाची? हातात माळ आणि मनात गॅसचा नंबर लावायचा राहिला, हे किती वर्षं चाललंय? नेम कधी मोडला नाही म्हणून देवापुढे ती ताठ बसायची. तिला बसल्या जागी चुळबूळ होऊ लागली. उंबऱ्यावर बसू नये म्हणतात, हेही आत्ता आठवलं. ती उठली.

वैष्णवी उठून ओट्याशी आली होती. न विचारता चहाचं आधण ठेवत होती. गुडघ्याला खरचटलेलं, त्यावर हळद. डबा शोधताना तिनं नको इतका आवाज केला. मग पाठ न वळवता म्हणाली, "काकू, तुमाले राग आला का?"

"मला? मला कशाचा राग येईल, बाळ? तुला यायला पाहिजे."

"आलता." तिनं साखर टाकली. "मोप आलता. म्हटलं, सारे फोन काढते, ठीक हाय. ते काय, रिकामे लोक. तुमी काहून काढून राह्यल्या होत्या?"

"तुझ्या आईनं मागितलं होतं."

चहा वर आला. वैष्णवीनं गॅस बारीक केला, पुन्हा मोठा केला, चहा पुन्हा वर आणला. "मायले काय, ते काहीबी मागते," ती म्हणाली, आणि तिचा आवाज जरा खाली आला. "काकू, एक सांगू? कोणाले सांगजा नका. म्या काल सगळ्यायले म्हटलं नाही तुटला, नाही तुटला. पण मले माहीतच नाही."

"म्हणजे?"

"मले माहाच आवाज आयकू येत नव्हता नं जी. तो पिंट्या असा ठोकून राह्यला होता का मले वाटे का मी बोलूनच राह्यली नाही. तोंड हाले. घसा दुखे. पण कबड्डी निघते का नाही, मलेच समजे ना. म्हणून मी तुमच्याकडं पाह्यलं. म्हटलं, मले नसन माहीत, काकूले माहीत असन. काकू तिथं त्याच्यासाठीच बसल्या हायेत."

रत्नप्रभानं कप मांडले, बशा मांडल्या, एक बशी परत ठेवली आणि पुन्हा काढली. सामने साखळीचे, म्हणून काल हरूनही आज संघाचा शेवटचा सामना होता. यवतमाळहून निवड करणारे येणार होते, जिल्ह्याच्या संघात दोन मुलींची जागा होती, आणि भगवानरावांनी मुलीला खेळायला एवढंच वर्ष दिलं होतं. हे दोघींनाही इतकं पाठ होतं की कुणी उच्चारत नव्हतं.

"आज बसान का तुमी खुर्चीत?" वैष्णवीनं विचारलं.

"तू म्हणशील तर. धम्मरत्नला दुसरं कुणी बसवायचं असेल तर..."

"नाही. तुमीच बसजा." ती आता वळली होती. डोळे सुजलेले, पण त्यांत काल मॅटवर होतं ते नव्हतं. दुसरंच काहीतरी कडक होतं. "पण आयकजा. तुटला नाही तं नाही म्हणजा. आन तुटला तं तुटला म्हणजा. मी काही म्हणणार नाही. पोरीसाठी म्हणून मान हालवजा नका. मंग ते कायच्या कामाचं?"

दहा वर्षांची असताना हे इतकं सोपं होतं. त्या लाडक्या खेळाडूसाठी तिनं कधी चहा केला नव्हता. त्याच्या गुडघ्याला हळद लावली नव्हती. "ऐकेन," रत्नप्रभा म्हणाली. "जे असेल ते सांगेन." आणि म्हणताना तिला भीती वाटली, खरीखुरी, कारण आज तो दम तुटू शकत होता आणि तिला ते ऐकू येऊ शकत होतं.

दुपारी मुलगी संघाबरोबर निघून गेली आणि घर इतकं रिकामं झालं की फोनच्या घंटीनं ती दचकली. कोकिळा. मागे बायांचा गलका, कुणीतरी हसत होतं. वावरातूनच बोलत होती. कालचा व्हिडिओ रत्नप्रभानं रात्रीच तिला पाठवून दिला होता. "बाई, म्या पाह्यलं जी! साऱ्यायनं पाह्यलं इथं, वावराच्या धुऱ्यावर बसून. हंसाबाई तं म्हणते पोरगी वाघीण हाय. किती जोरात घुसते, बाप्पा!" मग, "पण बाई, पोरीचा आवाज काहून येत नाही त्याच्यात? नुसतं गाणंच वाजून राह्यलं. म्या फोन कानाले लावून पाह्यला. तिचं कबड्डी कबड्डी कुठंच आयकू येत नाही. ल्हान होती तं साऱ्या घरात तेच करत फिरे."

रत्नप्रभा पलंगाच्या कडेला टेकली. "गाणं फार मोठं होतं, कोकिळाताई."

"आज काढजा मंग. आज जवळून काढजा."

"आज नाही काढणार मी." हे तिनं इतक्या हळू म्हटलं की पलीकडून "आं?" आलं, आणि तिला पुन्हा म्हणावं लागलं. "आज मी नाही काढणार. मी आज ऐकणार आहे. झाल्यावर तुम्हाला फोन करीन आणि सगळं सांगीन. कोण कुठे उभी होती, ती कुठून शिरली, कुणाला शिवली. दम कसा होता तेही. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

पलीकडे बायांचा गलका तेवढा राहिला. कोकिळा हिरमुसली असेल, असं तिला वाटलं. आईला पाहायचं होतं, आणि आपण आपल्या पापाचं ओझं तिच्यावर टाकतोय. मग कोकिळा म्हणाली, "सांगान? सारं सांगान?" आणि मागे वळून बायांना ओरडली, "अवं, बाई संध्याकाळी तोंडानं सांगणार हाय! घरी या सगळ्या!" आणि पुन्हा फोनमध्ये, "मंग नीट ध्यानात ठेवजा जी. मंगानं इसरली म्हणजा नका."

पिंटूच्या दाराशी जायला तिला तीन वेळा चपला घालाव्या लागल्या. दोनदा फाटकापर्यंत जाऊन परत आली. भांडण तर राहोच, तिनं गल्लीत कधी कुणाकडे साधी तक्रार केली नव्हती. नवरात्रात याच पिंटूचा आवाज भिंतीतून आला तरी ती माळ घेऊन आतल्या खोलीत जाऊन बसायची. पिंटू टेम्पोत पेट्या चढवत होता.

"बोला मावशी. लाइट गेली का तुमची?"

"नाही रे. आज मैदानावर... रेड चालू असताना तेवढं बंद ठेवशील का? नंतर लाव. मध्ये मध्ये लाव. फक्त रेडच्या वेळेला."

पिंटू हसला, वाईट नाही, कीव आल्यासारखं. "मावशी, तेव्हाच तं माहौल बनते. चूप ठेवलं तं लोक म्हणतीन डीजेवाला मेला का काय."

"म्हणू देत."

तिचं उत्तर ऐकून तो पेटी हातात धरूनच थांबला. रत्नप्रभालाही ते आपल्या तोंडून कसं गेलं ते कळेना. कान गरम झाले होते. "दम ऐकू येत नाही, पिंटू," ती म्हणाली. "त्या मुलीला तिचा स्वतःचा सुद्धा येत नाही."

त्यानं पेटी टेम्पोत सरकवली, दोर आवळला, गाठ उगाच दोनदा मारली. "कमिटीनं मले माहौलसाठी बलावलं," तो म्हणाला. "तुमच्या एकटीच्या म्हणण्यावर... बरं, असं करा. तुमी त्या खुर्चीवर हायेत नं? हात वर करजा. दिसला तं पाहू. पक्कं काही म्हणत नाही मी, सांगून ठेवतो."

हात वर. बाबा करायचे तसा. रेड सुरू होण्याआधी बाबा उजवा तळवा खांद्याच्या वर उचलायचे, फक्त तेवढंच, आणि शिव्या देणारे, दारू प्यालेले, सगळे गप्प व्हायचे, एकामागून एक. तिनं घरी येऊन आरशासमोर हात उचलून पाहिला. शाल घसरली. तो हात बस थांबवणाऱ्या बाईचा दिसत होता. पुन्हा उचलला. लोक हसतील. तिचाच व्हिडिओ काढतील, आणि उद्या सगळ्या दिग्रसच्या फोनांत एक म्हातारी हात वर करून बसलेली दिसेल, आणि पिंटूला ती दिसली नसेल, आणि ठोका तसाच चालू असेल. मग? तरी ऐकायचं. ठोक्याच्या खालून ऐकायचं. निदान ती बघत नसेल. निदान तिला विचारलं तर "लक्ष नव्हतं" हे उत्तर नसेल.

ऊन उतरलं तसा तिनं दिवा लावला, नेहमीपेक्षा बराच आधी. माळ हातात घेतली आणि डोळे मिटले. घाई झाली होती, तरी एकेक मणी ओढला, आणि एकेक नाम कानात पडेपर्यंत पुढच्याला हात लावला नाही. काही निसटलीच. कुठे निसटली ते कळलं तरी. माळ पुरी झाली की बोलायला मोकळीक होती. पण आज बोलण्याजोगं घरात कुणी नव्हतं आणि तिलाही बोलावंसं वाटेना. फोन चार्जिंगला लावून स्वयंपाकघरातच ठेवला. फाटकाची कडी लावताना तो आत वाजला. कोण असेल, मुलगा असेल पुण्याहून, असू दे. कडी लावून ती क्षणभर तशीच उभी राहिली, मग वाजणं थांबलं.

गल्लीच्या टोकाला पिंटूच्या टेम्पोची चाकोरी ओल्या मातीत उमटली होती. मैदान अजून दूर होतं, पण ठोका आताच येऊ लागला होता, कानाला नव्हे, तळपायाला. त्यावरून, त्याच्या खालून, तिला काही ऐकायचं होतं. कडुनिंबापाशी तिनं एक मोठा श्वास घेतला, आत ठेवला, आणि ओठ मिटून, मनातल्या मनात कबड्डी कबड्डी म्हणत पावलं उचलली. किराणा दुकान, पिठाची गिरणी, बंद जिनाची भिंत. भिंतीच्या निम्म्यात तिचा दम तुटला. तो नेमका कुठे तुटला ते तिला स्वच्छ ऐकू आलं. ती थांबली नाही. शाल सारखी केली, उजवा हात पदराखालून मोकळा ठेवला, आणि मैदानाच्या दिशेनं चालत राहिली.